विश्लेषण : चर्च ओस, भाषणात मात्र बायबल! निधर्मी ब्रिटनमध्ये नेत्यांना धर्मवचन का लागते?

इंग्लंड आणि वेल्समध्ये स्वत:ला ख्रिस्ती म्हणवणाऱ्यांचे प्रमाण आता निम्म्याहून कमी झाले आहे. तरीही बेरोजगारी असो, युद्ध असो वा निर्वासितांचा प्रश्न, तेथील राजकारणी बायबलचा आधार घेतात. ऐकणाऱ्यांपैकी फार थोड्यांना मूळ उतारा ठाऊक असतो. नेत्यांच्या हे पथ्यावर पडते, पण लोकशाहीला ते परवडते का?

सुनक यांच्या वाचनाने काय दाखवले?

६ मे २०२३ रोजी लंडनच्या वेस्टमिन्स्टर ॲबीत राजे चार्ल्स तिसरे यांचा राज्याभिषेक झाला. त्या सोहळ्यात तत्कालीन पंतप्रधान ऋषी सुनक यांनी बायबलमधील कलस्सैकरांस पत्राच्या पहिल्या अध्यायातील उतारा वाचला. सुनक हिंदू आहेत आणि खासदारकीची शपथ त्यांनी भगवद्गीतेवर घेतली होती. त्यांनी वाचलेला उतारा मात्र सर्वसाधारण सदाचाराचा नव्हता. सगळी सिंहासने आणि सत्ता ख्रिस्ताद्वारे व ख्रिस्तासाठीच निर्माण झाल्या, असा थेट दावा त्यात आहे. अशा सोहळ्यात पंतप्रधानांनी वाचन करणे हा प्रघात आहे. सप्टेंबर २०२२ मध्ये राणी एलिझाबेथ यांच्या अंत्यविधीत लिझ ट्रस यांनीही वाचन केले होते.

एका हिंदू पंतप्रधानाने ख्रिस्ताच्या सर्वोच्चतेचा उतारा वाचला आणि देशात फारशी खळबळ झाली नाही. हे ब्रिटनच्या सहिष्णुतेचे चिन्ह म्हणून गौरवले गेले आणि त्यात तथ्यही आहे. पण त्याला दुसरी बाजू आहे. शब्दांचा अर्थ कोणी मनावर घेणार नाही, याची खात्री असल्याशिवाय हे इतके सहज घडत नाही. उतारा विधीचा भाग म्हणून ऐकला गेला, विधान म्हणून नव्हे. राज्याभिषेकात याने काही बिघडत नाही. धोरण ठरवताना बिघडते.

समाज किती निधर्मी, आणि राज्य किती?

२०२१च्या जनगणनेनुसार इंग्लंड आणि वेल्समध्ये ४६.२ टक्के लोकांनी आपला धर्म ख्रिस्ती असल्याचे सांगितले. दहा वर्षांपूर्वी हे प्रमाण ५९.३ टक्के होते. ‘कोणताही धर्म नाही’ असे सांगणारे याच काळात २५.२ वरून ३७.२ टक्क्यांवर गेले. स्कॉटलंडमध्ये २०२२च्या जनगणनेत धर्म नसल्याचे सांगणाऱ्यांनी ५० टक्क्यांचा टप्पा ओलांडला. नोंदीत ख्रिस्ती असलेले सगळेच काही रविवारी प्रार्थनेला जात नाहीत. चर्च ऑफ इंग्लंडची साप्ताहिक उपस्थिती सात लाखांच्या आसपास घुटमळते.

समाज असा निधर्मी होत असला तरी राज्य कायद्याने तसे नाही. राजा हा चर्च ऑफ इंग्लंडचा सर्वोच्च शासक असतो. हाउस ऑफ लॉर्ड्समध्ये २६ बिशपांना पदसिद्ध जागा आहेत. संसदेचे कामकाज रोज प्रार्थनेने सुरू होते. फ्रान्सने १९०५ मध्ये कायदा करून चर्च आणि राज्य यांची फारकत केली, तसे ब्रिटनने कधी केले नाही. ईश्वराच्या नावे शपथ न घेता प्रतिज्ञा करण्याचा हक्क खासदारांना मिळाला तोही झगड्यानंतरच. १८८० मध्ये निवडून आलेले निरीश्वरवादी चार्ल्स ब्रॅडलॉ यांना शपथेच्या वादापायी आपल्या जागेसाठी सहा वर्षे झगडावे लागले. अखेर त्यांच्याच प्रयत्नांतून १८८८चा शपथ कायदा झाला. पुढच्याच वर्षी हे ब्रॅडलॉ मुंबईत काँग्रेसच्या अधिवेशनाला आले होते. आज त्याच कायद्याच्या आधारे पंतप्रधान कीर स्टार्मर यांच्यासारखे देव न मानणारे नेते प्रतिज्ञा करून संसदेत बसतात.

मग भाषणात बायबल येते कशासाठी?

मतांसाठी, हे उत्तर अमेरिकेत बऱ्याच अंशी खरे ठरेल. तिथे धर्मनिष्ठ मतदारांचा गठ्ठा मोठा आहे. ब्रिटनमध्ये उलट धार्मिक दिसण्याची भीती असते. २००३ मध्ये टोनी ब्लेअर यांना एका मुलाखतीत श्रद्धेविषयी विचारले गेले, तेव्हा त्यांचे माध्यम सल्लागार ॲलिस्टर कॅम्बेल यांनी ‘आम्ही देवाच्या भानगडीत पडत नाही’ अशा अर्थाचे उत्तर देऊन विषय तोडला. स्वत: ब्लेअर श्रद्धाळू होते. मात्र कॅथलिक पंथ त्यांनी जाहीरपणे स्वीकारला तो पद सोडल्यावर, डिसेंबर २००७ मध्ये.

तरीही बायबल लागते, कारण ते तीन गोष्टी एकदम देते. पहिली, भाषेचे वजन. १६११च्या किंग जेम्स आवृत्तीने इंग्रजीला असंख्य वाक्प्रचार दिले. त्यातला एखादा उच्चारला की साध्या विधानालाही भारदस्तपणा येतो. दुसरी, नैतिक उंची. करकपात किंवा हवाई हल्ला हा हिशेबाचा विषय न राहता सदसद्विवेकाचा होतो. तिसरी, ‘आपण’ कोण हे न सांगता सांगण्याची सोय. डेव्हिड कॅमेरॉन यांनी डिसेंबर २०११ मध्ये, किंग जेम्स बायबलच्या ४००व्या वर्षानिमित्त ऑक्सफर्डमध्ये बोलताना ब्रिटन हा ख्रिस्ती देश आहे आणि तसे म्हणायला घाबरू नये, असे सांगितले. त्याच भाषणात आपण नियमित चर्चला जाणारे नाही, अशीही कबुली दिली. श्रद्धा पातळ, ओळख मात्र घट्ट. २०१४ मध्ये त्यांनी पुन्हा हाच सूर लावला तेव्हा पन्नासहून अधिक लेखक, शास्त्रज्ञ आणि विचारवंतांनी जाहीर पत्र लिहून त्यावर आक्षेप घेतला.

थॅचर यांचा शोमरोनी श्रीमंत कसा झाला?

ब्रिटिश राजकारणात सर्वाधिक राबवली गेलेली बायबलकथा म्हणजे लूकच्या शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायातील चांगल्या शोमरोन्याची. यरुशलेमहून यरीहोला जाणाऱ्या वाटेवर दरोडेखोर एकाला लुटून अर्धमेला करून टाकतात. एक याजक येतो आणि बाजूने निघून जातो. एक लेवीही तेच करतो. मग एक शोमरोनी येतो. यहुदी समाज ज्यांना परके आणि भ्रष्ट मानी, त्या समाजातला हा माणूस. तो जखमा बांधतो, जखमीला आपल्या जनावरावर बसवून उतारशाळेत नेतो, खर्चही देतो. ‘माझा शेजारी कोण?’ या एका शास्त्र्याच्या प्रश्नाला येशूने दिलेले हे उत्तर आहे.

जानेवारी १९८० मध्ये मार्गारेट थॅचर यांनी दूरचित्रवाणीवरील मुलाखतीत या कथेचा नवाच अर्थ लावला. शोमरोन्याकडे केवळ सद्हेतू असता तर कोणी त्याची आठवण ठेवली नसती, त्याच्याकडे पैसाही होता, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणजे आधी संपत्ती निर्माण होऊ द्या, दानधर्म मागाहून येईल. ग्रँथमच्या किराणा दुकानदाराची आणि मेथडिस्ट उपदेशकाची ही मुलगी बायबल जाणत होती, त्यामुळे हे अज्ञानातून झाले असे म्हणता येत नाही. तपशील खराही आहे, शोमरोन्याने उतारशाळेच्या मालकाला पैसे दिलेच. पण कथेतल्या याजकाकडे आणि लेव्याकडे पैसे नव्हते, असे कुठेही म्हटलेले नाही. ते थांबले नाहीत, एवढेच म्हटले आहे. कथेचा कणा पैसा नसून थांबणे आहे. थॅचर यांनी तपशील धरला आणि कणा सोडला.

एडिंबरामध्ये काय घडले?

२१ मे १९८८ रोजी थॅचर चर्च ऑफ स्कॉटलंडच्या सर्वसाधारण सभेपुढे बोलल्या. सभागृह एडिंबरामधील ‘माउंड’ नावाच्या टेकाडावर असल्याने या भाषणाला येशूच्या डोंगरावरील प्रवचनाची आठवण देणारे उपरोधिक टोपणनाव मिळाले. भाषणात त्यांनी पौलाच्या थेस्सलनीकाकरांस लिहिलेल्या पत्राचा दाखला दिला : ज्याला काम करायचे नाही, त्याने खाऊही नये. पाठोपाठ संपत्ती मिळवणे वाईट नाही, पैशाचा लोभ वाईट, असेही सांगितले.

पार्श्वभूमी पाहिली तर या दाखल्याची धार कळते. त्या दशकात ब्रिटनमधील बेरोजगारांची संख्या ३० लाखांवर गेली होती. स्कॉटलंडमधील पोलाद कारखाने, गोद्या आणि खाणी बंद पडत होत्या. पौलाचे शब्द काम करण्याची इच्छाच नसलेल्यांविषयी आहेत, काम न मिळालेल्यांविषयी नव्हे. तीनच ओळींनंतर तो चांगले करताना थकू नका, असे बजावतो. हा भाग भाषणात आला नाही. गंमत अशी की हेच वचन सोव्हिएत संघाच्या १९३६च्या राज्यघटनेतही होते, अर्थातच पौलाचे नाव वगळून. साम्यवादाचा कट्टर द्वेष करणाऱ्या थॅचर आणि स्टालिन यांच्या राजवटीची घटना, दोघांना एकच ओळ उपयोगी पडली. संदर्भ तोडला की वचन कोणाच्याही दावणीला बांधता येते, याचा याहून ठळक पुरावा शोधण्याची गरज नाही.

त्या दिवशी एडिंबरामध्ये श्रोते मात्र बायबल जाणणारे होते. सभेचे प्रमुख प्राध्यापक जेम्स व्हाइट यांनी थॅचर यांना शांतपणे चर्चचे गरिबी आणि घरांच्या प्रश्नावरील अहवाल भेट दिले. आरडाओरडा नाही, अपमान नाही. तुम्ही आमचा ग्रंथ वाचून दाखवलात, आता त्या ग्रंथातून आम्हाला काय दिसले तेही वाचा, एवढाच त्याचा अर्थ. तीन वर्षांपूर्वी, १९८५ मध्ये चर्च ऑफ इंग्लंडनेही शहरांतील गरिबीवर अहवाल काढला होता आणि सरकारमधील एकाने नाव न सांगता त्यावर मार्क्सवादाचा शिक्का मारला होता. चर्च आणि सरकार यांचे पटत नव्हते. पण वादाला लागणारे समान पुस्तक तरी दोघांकडे होते.

तीच कथा युद्धासाठीही?

२ डिसेंबर २०१५ रोजी सीरियातील ‘आयसिस’वर हवाई हल्ले करावेत की नाही, यावर हाउस ऑफ कॉमन्समध्ये चर्चा झाली. मजूर पक्षाचे नेते जेरेमी कॉर्बिन यांचा विरोध होता. त्यांचेच सहकारी हिलरी बेन यांनी हल्ल्यांच्या बाजूने केलेले भाषण गाजले. भाषणाच्या शेवटाकडे त्यांनी आपला पक्ष रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने निघून जाणारा कधीच नव्हता, असे सुचवून शोमरोन्याची आठवण करून दिली. सभागृहात टाळ्या वाजल्या. ब्रिटिश संसदेत सहसा टाळ्या वाजत नाहीत. ठराव ३९७ विरुद्ध २२३ मतांनी मंजूर झाला.

आयसिसविरुद्ध लढण्याची कारणे भक्कम होती आणि बेन यांनी ती मांडलीही. प्रश्न कथेच्या वापराचा आहे. शोमरोन्याने जखमेवर तेल आणि द्राक्षारस ओतला, तो दरोडेखोरांच्या मागावर गेला नाही. जावे की न जावे, हा प्रामाणिक नैतिक प्रश्न आहे. कथा त्याचे उत्तर देत नाही, पण उत्तर मिळाल्याचा भास निर्माण करते. विरोध करणारा खासदार मग बॉम्बहल्ल्यांच्या परिणामांबद्दल शंका विचारणारा राहत नाही, तो जखमीला टाकून जाणारा याजक ठरतो. एकाच कथेतून ३५ वर्षांत खासगी संपत्तीचे समर्थन निघाले आणि हवाई हल्ल्यांचेही. ब्रिटिश अभ्यासक निक स्पेन्सर यांनी २०१७ मध्ये या एका कथेच्या राजकीय वापरावर स्वतंत्र पुस्तकच लिहिले, यावरून तिचा वापर किती झाला असेल ते ध्यानात येते.

वचन चालते, मग श्रद्धा का अडते?

जून २०१७ मध्ये लिबरल डेमोक्रॅट पक्षाचे नेते टिम फॅरन यांनी पद सोडत असल्याचे जाहीर केले. समलिंगी संबंध पाप आहेत का, हा प्रश्न निवडणूक प्रचारात त्यांना वारंवार विचारला गेला होता. पुरोगामी पक्षाचे नेतृत्व आणि बायबलनिष्ठ ख्रिस्ती जीवन एकत्र जगणे आपल्याला अशक्य वाटू लागले, असे त्यांनी राजीनाम्यात म्हटले. २०२३ मध्ये स्कॉटिश नॅशनल पार्टीच्या नेतृत्वाच्या लढतीत केट फोर्ब्स यांनाही अशाच प्रश्नांना सामोरे जावे लागले.

मतदारांना असे प्रश्न विचारण्याचा पूर्ण हक्क आहे. कायदे करणाऱ्याची श्रद्धा कोणाच्या हक्कांवर टाच आणणार का, हे विचारलेच पाहिजे. पण तराजू एकच हवा. बायबल मनापासून मानणाऱ्याची उलटतपासणी होते, आणि सोयीपुरते वापरणाऱ्याला टाळ्या मिळतात, ही निधर्मी समाजाची विचित्र विसंगती आहे. त्यातून नेते एकच धडा घेतात : ग्रंथ पाळू नका, फक्त उच्चारा.

निर्वासितांच्या वादात बायबल कोणाच्या बाजूने?

एप्रिल २०२२ मध्ये बोरिस जॉन्सन सरकारने आश्रय मागणाऱ्यांना रवांडाला पाठवण्याची योजना जाहीर केली. त्यानंतर तीनच दिवसांनी आलेल्या ईस्टरच्या प्रवचनात कँटरबरीचे आर्चबिशप जस्टिन वेल्बी यांनी ही योजना देवाच्या स्वभावाविरुद्ध असल्याचे म्हटले. मंत्री जेकब रीस-मॉग यांनी आर्चबिशपांना योजना समजलेली नाही, असे उत्तर दिले आणि रवांडाच्या दृष्टीने तिचे नाते ईस्टरच्या उद्धाराच्या कथेशी जोडले. पुढे नोव्हेंबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योजना बेकायदा ठरवली. तिथे निकाल लागला तो आश्रितांच्या सुरक्षेच्या पुराव्यांवर, बायबलवर नव्हे. तसेच व्हायला हवे.

त्यानंतर वाद आणखी खाली उतरला आहे. १३ सप्टेंबर २०२५ रोजी लंडनमध्ये टॉमी रॉबिन्सन यांच्या पुढाकाराने निघालेल्या मोर्चात लाखाहून अधिक लोक होते. त्यांत काहींच्या हाती लाकडी क्रूस दिसले. स्थलांतरितांविरोधी राजकारणासाठी क्रूस वापरण्याला अनेक चर्चनेत्यांनी विरोध केला. इथे तर वचनाचीही गरज उरली नाही, चिन्ह पुरले. ज्या कथेत परका माणूसच खरा शेजारी ठरतो, त्या कथेचा धर्म परक्याला हाकलण्यासाठी उंचावला जातो आणि विसंगती दाखवून द्यायला कथा माहीत असलेले लोक कमी पडतात.

याची दुसरी बाजू महाराष्ट्राला ठाऊक आहे. इथले नेतेही भाषणात अभंग म्हणतात, आषाढीच्या तोंडावर तर हमखास. पण तुकोबांचा अर्धा चरण व्यासपीठावरून आला, तर उरलेला पूर्ण करणारे वारकरी समोर बसलेले असतात. पाठांतर हा वक्त्यावरचा अंकुश असतो. ब्रिटनमध्ये तो अंकुशच गळून पडला आहे.

वचनाचा चांगला वापर कधी झालाच नाही?

झाला, आणि तोही ब्रिटनमध्येच. लेवीय पुस्तकाच्या २५व्या अध्यायात योबेल वर्षाची कल्पना आहे. दर पन्नासाव्या वर्षी विकलेली जमीन मूळ कुटुंबाकडे परत जावी, दास मुक्त व्हावेत. या कल्पनेवरून १९९०च्या दशकात ‘जुबिली २०००’ ही गरीब देशांच्या कर्जमाफीची मोहीम उभी राहिली. १६ मे १९९८ रोजी बर्मिंगहॅममध्ये जी-८ देशांच्या बैठकीवेळी सुमारे ७० हजार लोकांनी मानवी साखळी केली. चर्च ऑफ स्कॉटलंडच्या धर्मोपदेशकाचे चिरंजीव असलेले तत्कालीन अर्थमंत्री गॉर्डन ब्राउन यांनी कर्जमाफीचा पाठपुरावा केला. २००५ मध्ये जी-८ देशांनी सुरुवातीला १८ देशांचे सुमारे ४० अब्ज डॉलरचे कर्ज रद्द करण्यास मान्यता दिली.

हा वापर वेगळा का ठरतो? एक, वचनातून निघालेली मागणी आकड्यांत मोजता येत होती. दोन, बायबल न मानणाराही तिचे गुणदोष तपासू शकत होता, आणि अनेक निरीश्वरवादी त्या साखळीत हात धरून उभे राहू शकले. तीन, आणि हे सर्वांत महत्त्वाचे, वचनाचा भार उच्चारणाऱ्यांवर पडत होता. श्रीमंत देशांतील लोक आपल्याच सरकारांना येणे सोडायला सांगत होते. एडिंबरामध्ये भार पडला तो बेरोजगारावर.

मग कसोटी कोणती लावायची?

राजकारण्यांनी धर्मग्रंथाचे नावच काढू नये, हा उपाय सोपा वाटतो, पण टिकणारा नाही. ब्रिटनच्या भाषेत, कायद्यात आणि चळवळींत बायबल मुरलेले आहे. ते बाहेर काढायचे तर कर्जमाफीसारख्या मोहिमांचे इंधनही जाईल. शिवाय बंदीने वचन जाणारे नाही, ते मोर्चांतील क्रुसांकडे जाईल.

खरा उपाय तीन साध्या प्रश्नांत आहे. वचनाच्या आधीच्या आणि नंतरच्या ओळी काय सांगतात? वचन बाजूला ठेवले तर धोरणाच्या बाजूने युक्तिवाद उरतो का? आणि त्या वचनाने कोण बांधले जाते, बोलणारा की ऐकणारा? पहिल्या प्रश्नासाठी श्रद्धाळू असावे लागत नाही, वाचावे लागते. म्हणूनच निधर्मी होत जाणाऱ्या समाजातही शाळांतून धर्मग्रंथांची ओळख करून देणे गरजेचे ठरते. ती उपासनेसाठी नव्हे, नागरिकाची फसवणूक होऊ नये यासाठी. इंग्लंडमधील सरकारी शाळांत धर्मशिक्षण कायद्याने आहेच. ते मूल्यांच्या गोडगोड गोष्टींवर थांबते की मूळ उतारा वाचायला शिकवते, हा मुद्दा आहे.

दुसरा प्रश्न पत्रकारांनी आणि खासदारांनी विचारायचा आहे. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नेत्याने स्वत: द्यायचे आहे. शोमरोन्याने वाटेवर प्रवचन केले नाही. तो खाली उतरला, खिशात हात घातला आणि जखमी माणसाला आणखी काही लागले तर परतताना देईन, असे सांगून गेला. ही कथा सांगणाऱ्या प्रत्येक राजकारण्याला एकच विचारायचे : तुम्ही खिशात हात घातला आहे, की बोट दुसऱ्याकडे दाखवले आहे?